चौथी दोरी

मी मामांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आपल्या अंगणात दोरी ओढत उभे होते.

अंगणाच्या मधोमध एक उंच बांबू रोवलेला होता. त्याच्या शेंड्याला दोरी बांधलेली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला हा बुटका, मिशाळ, उघड्या अंगाचा माणूस. मान वर, डोळे शेंड्यावर. बांबू वाऱ्यानं झुकला की दोरी ताणायची, सरळ झाला की बोटाबोटानं सैल सोडायची. शेजारी घोडा हरभरे खात होता आणि अधूनमधून मालकाकडं बघत होता. इथं खोली भाड्यानं मिळेल असं ऐकून मी आलो होतो. बराच वेळ उभा राहिलो, शेवटी खाकरलो.

“जरा थांबा, पावणं,” ते वर बघतच म्हणाले. “सोडली तर पडंल.”

बांबू जमिनीत चांगला गाडलेला होता. पडायचं काहीच कारण नव्हतं.

त्या खोलीत मी पुढं चार-पाच वर्षं राहिलो. कोल्हापुरात, पंचगंगेच्या घाटाकडं उतरणाऱ्या एका बोळात ते घर होतं. मी एका शाळेत मास्तर होतो आणि संध्याकाळी पक्षाचं काम करायचो. पक्ष कष्टकऱ्यांचा होता. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, सगळ्या प्रौढ माणसांचं मतदान पहिल्यांदाच व्हायचं होतं, आणि आता सगळं बदलणार असं मला मनापासून वाटत होतं. आज पन्नाशीला आल्यावर त्या वाटण्याची मला लाज वाटत नाही. पण त्या वाटण्याच्या नादात मी समोरच्या माणसाकडं किती कमी पाहिलं, याची वाटते.

मामा टांगेवाले. सगळी पेठ त्यांना मामाच म्हणायची, म्हणून मीही. खोली देताना त्यांनी दोन अटी घातल्या.

“चैताच्या पुनवेला खोली मोकळी करायची. आमचं गाव उतरतंय हितं. आनि दिवाणजींच्या मागनं जायाचं न्हाय, म्होरनं जायाचं.”

“दिवाणजी कोण?”

त्यांनी घोड्याकडं बोट केलं.

घोड्याला ते ‘अहो’ म्हणत. “दिवाणजी, चला की आता,” “दिवाणजी, पाय उचला, लोकं खोळंबल्यात.” मामींना मात्र ‘अगं ए’. मामी चुलीपुढून ऐकवायच्या, “फुडल्या जल्माला मला घोडी कर म्हनावं देवा. म्हंजे मला बी कोन अहो म्हनंल.”

टांग्यात कुणी कुठं बसायचं हे मामा ठरवत. टांगा उलाळता, म्हणजे मागं कलंडता, कामा नये. वकील असो, सावकार असो, नाहीतर नवी नवरी असो, मामा खाली उभं राहून प्रत्येकाला नजरेनं तोलत. “वैनी, तुमी म्होरं या. रावसाब, तुमी मागं, जरा डावीकडं. आनि ह्या पोराला मांडीवर घ्या, त्येचं वजन दिसतंय त्येवढं न्हाय.” एकदा एका जाडजूड व्यापाऱ्यानं हलायला नकार दिला. मामांनी लगाम खाली ठेवला आणि बिडी पेटवली. “तुमी हलल्यावर मी हलतो.” शेवटी व्यापारी हलला.

आणि एक सवय. स्टेशनकडं जाताना रस्त्याला इनामदारांचा बंगला लागायचा. बंगल्याच्या फाटकावरून जाताना मामा चाबकाची मूठ कपाळाला लावत. फाटकात कुत्रंसुद्धा नसलं तरी लावत. हे इनामदार मामांच्या गावचे. गाव भोगावतीच्या काठी, तिथली निम्म्याहून जास्त जमीन त्यांची. मामांच्या थोरल्या भावाची चार पांडांची तुटपुंजी जमीन त्यांनीच खटल्यात गिळलेली होती. म्हणून तर मामा शहरात येऊन टांगा हाकत होते. हे मला त्यांनीच सांगितलं, तेही हसत हसत. “लई चाबरा मानूस. आमच्या दादाचा अंगठा कवा घेतला त्ये दादाला बी कळलं न्हाय.”

“आणि तरी तुम्ही त्याला मुजरा करता?”

“जिमीन खाल्ली त्येनं,” मामा म्हणाले. “मान न्हाय खाल्ला.”

हा मान म्हणजे अंगणातला तो बांबू. ते मला हळूहळू उमगलं.

जोतिबाच्या डोंगरावर चैत्री पौर्णिमेला गावोगावच्या सासनकाठ्या येतात. काठी म्हणजे आभाळात घुसणारा बांबू, रंगीत कापडानं मढवलेला. एक जण ती उभी पेलतो आणि चौघं चार बाजूंनी दोऱ्या धरून तिचा तोल राखतात. वाजंत्रीच्या तालावर तिला नाचवत देवापुढं न्यायचं. मामांच्या गावच्या काठीची चौथी दोरी, उजव्या अंगाची मागची, मामांच्या घराण्याची होती. इनामदारांच्या आजोबांनी ती मामांच्या आजोबांना दिलेली. त्याचा कागद नव्हता, सनद नव्हती. दर वर्षी काठी गावातून निघायच्या दिवशी इनामदार चावडीपुढं उभे राहून एकेका दोरीचं नाव पुकारत आणि त्या माणसाच्या हातावर विडा ठेवत. विडा हातावर पडला की त्या वर्षाची दोरी आपली. एवढंच. पण त्या एवढ्यासाठी मामा वर्षभर अंगणात सराव करत. हात विसरता कामा नये, म्हणायचे.

मुलगा नव्हता त्यांना. एकच मुलगी, इचलकरंजीला दिलेली, जावई मागावर कामाला. आपल्यामागं दोरी जावयाकडं जावी ही मामांची आस, आणि भावकी त्या दोरीवर टपलेली. जावयाला दोरी द्यायची म्हणजे रीत मोडायची, आणि ती मोडायची ताकद फक्त इनामदारांच्या शब्दात. मामा दोन वर्षं त्या शब्दासाठी बंगल्यावर खेपा घालत होते. तेवढ्यात निवडणूक जाहीर झाली आणि इनामदार उभे राहिले.

“काय म्हणाले?” मी विचारायचो.

“विलेक्शन हू दे म्हनत्यात. मग बगू.”

मग रात्रीचं जेवण मामांना जायचं नाही. मामी म्हणायच्या, “एका सुतळीपायी मानूस वाळून चाललाय.”

जावयाला मी एकदा विचारलं. शांत, लाजाळू पोरगा. दारामागं घेऊन गेला मला. “मास्तर, कुनाला बोलू नगासा. मला उंच बगितलं की गरगरतंय.”

आमच्या पक्षाचा उमेदवार एक वकील होता. सज्जन माणूस. कुळांचे खटले फुकट चालवायचा, कोर्टातून निघायचा तो चिखलातून चालत कुणाच्या तरी बांधावर पोचायचा. प्रचाराला टांगा हवा होता. मी मामांचं नाव सुचवलं. मला वाटलं, महिनाभर आमची भाषणं कानावर पडली की मामा आपोआप आमचे होतील.

टांग्याला आमचा झेंडा लागला, कर्णा लागला. मामांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर घोड्याच्या कानात कापसाचे बोळे घातले. “तुमी बोला कायबी. दिवाणजींनी काय पाप केलंय?”

मी कर्ण्यातून घसा फोडून ओरडायचो, “इनामदारशाही संपवा!” आणि नेमका बंगला आला की मामांचा चाबूक कपाळाला लागायचा. लोक हसायचे. चहाच्या दुकानातून कुणीतरी ओरडायचं, “अवो मामा, न्हेमकं कुनाकडनं हाय म्हनायचं तुमी?”

“टांगा भाड्यानं दिलाय,” मामा ओरडून सांगायचे. “टांगेवाला न्हाय!”

पण काम चोख. कुठल्या गल्लीत किती माणसं जमतात, कुठं टांगा उभा केला की आवाज दोन्ही बोळांत जातो, हे तेच सांगायचे. एका चौकात वकीलसाहेबांचा आवाज बसला तेव्हा मामांनी स्वतः उतरून पलीकडच्या घरातून गरम पाणी आणलं. त्यांना घेतलेल्या भाड्याचं इमान होतं आणि घातलेल्या मुजऱ्याचंही. हा माणूस दोन्ही कसं सांभाळतो, या विचारानं मलाच अस्वस्थ व्हायचं. त्या हिवाळ्यात मी दोन भीती घेऊन फिरत होतो. निवडणूक हरलो तर, ही एक भीती. आणि आपण ज्यांच्यासाठी लढतोय त्यांनाच ती नको असली तर, ही दुसरी. ही दुसरी मी कुणाजवळ बोललो नाही.

वाद खूप घातले मी. संध्याकाळी मामा घोड्याला खरारा करायचे आणि मी पायरीवर बसून त्यांना पटवायचो. कसेल त्याची जमीन, भावाची जमीन परत, कुळाला हक्क. ते सगळं ऐकून घेत. हो म्हणत. एकदा त्यांनी खरारा थांबवला.

“मास्तर, दिवाणजींचा ह्यो पाय म्हागल्या पावसात दुखावलता. ठावं हाय तुमास्नी?”

मला ठाऊक नव्हतं. मी त्याच घरात राहत होतो.

“इनामदार सरकारनी वळखलं. गाडीतनं जाताना बगितलं, गाडी थांबिवली, खाली उतरलं. म्हनलं, काय रं, पाय उचलून टाकतोय की ह्यो. हात लावून बगितला त्येंनी. खुराला.”

“मामा, घोड्याचा खूर बघितला आणि भावाची जमीन खाल्ली.”

“व्हय की. दोनी बी त्येनंच केलं.” आणि पुन्हा खरारा सुरू.

माझ्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. पण त्यातलं एकही घोड्याच्या पायाबद्दल नव्हतं.

मामांच्या गावची सभा आम्ही शेवटच्या आठवड्यात घेतली. टांग्यानंच गेलो. चावडीपुढं गाव जमलं होतं, बायका एका बाजूला. वकीलसाहेब चांगलं बोलले. कुळकायदा सांगितला, सावकारी सांगितली. लोक माना डोलवत होते. मला वाटलं, जिंकलं. मग वकीलसाहेबांची नजर चावडीच्या भिंतीवर गेली. तिथं आडवी टांगून सासनकाठी ठेवलेली होती.

“आणि ही काठी!” ते म्हणाले. “देवाची काठी! तिच्या दोऱ्या इनामदार वाटणार? हा कोण वाटणारा? आपलं राज्य येऊ द्या. हे मानपान, हे विडे सगळे बंद. ज्याला वाटेल त्यानं दोरी धरावी!”

मी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की फक्त माझेच दोन हात वाजतायत.

मी चेहरे बघू लागलो. एक जण काठीपुढं दिवटी धरायचा. एकाच्या घरचा नारळ पहिला फुटायचा. एकाचं घराणं काठीला कापड द्यायचं. हलगीवाला म्हातारा सगळ्यात कडेला, सगळ्यांपासून अंतर राखून बसला होता. देवळाच्या उंबऱ्याशी त्याला थांबवत. तरी काठीच्या पुढं चालायचा मान त्याचा होता. त्याच्या तोंडावरही तेच. जणू आम्ही त्यांच्या घरात शिरून फळीवरचं एकुलतं एक भांडं उचललं होतं.

बायकांतून एक म्हातारी उठली. “वकीलसाब, काठी निगताना पेलणाऱ्याच्या पायावर पानी मी घालती. माज्या सासूनं घाटलं, तिच्या सासूनं घाटलं. त्ये कोन घालनार?”

वकीलसाहेब प्रेमानं हसले. “आजी, कुणीही घालील की! तुम्हीच घाला, नाहीतर आणखी कुणी.”

“कुनीबी?” म्हातारी म्हणाली. “मग मी कशाला पायजे?”

ती खाली बसली. वकीलसाहेबांनी पुन्हा कुळकायदा सुरू केला, पण आता माना डोलत नव्हत्या.

मामा टांग्याजवळ उभे होते. घोड्याच्या मानेवर ठेवलेला हात तसाच होता. परत येताना ते फक्त घोड्याशी बोलले. “बगितलंसा दिवाणजी, ह्येंनी द्यायाला काय आनलंया?”

मतदानाच्या दिवशी ते सकाळी फेटा बांधून आले. एरवी डोक्याला पंचा असायचा. फेटा फक्त काठीच्या वेळी. आमचा झेंडा लावून दिवसभर त्यांनी आमची माणसं केंद्रावर पोचवली. म्हाताऱ्यांना हात धरून उतरवलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर चित्र असायचं, आणि आत आडोशाला गेल्यावर लोक गोंधळायचे. मामा प्रत्येकाला बजावायचे, “ह्येंची पेटी नीट बगा बरं का. टांगा ह्येंचा हाय, मत भलतीकडं टाकू नगासा.”

दुपार कलल्यावर गर्दी ओसरली. मामांनी टांग्यावरचा झेंडा काढला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

“जरा धरा. मत टाकून येतो.”

मी झेंड्याची घडी घेऊन रस्त्यात उभा राहिलो. ते आत गेले, आले, हात पुसले, माझ्या हातून झेंडा घेतला आणि जिथं होता तिथं पुन्हा बांधला. गाठ मारताना म्हणाले, “हं, बसा. त्या सुतारगल्लीतल्या दोगी ऱ्हायल्यात.”

आम्ही हरलो, इनामदार निवडून आले. मामांच्या गावानं तर आम्हाला जवळजवळ काहीच दिलं नाही. वकीलसाहेब चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग म्हणाले, “लोक अडाणी आहेत हो.” मी मान हलवली. मला ते खोटं आहे हे कळत होतं, तरी हलवली.

मामांचा आनंद आवरत नव्हता. जावयाला निरोप गेला, नवा फेटा आला. अंगणात आता दोघं बांबूखाली उभे राहायचे. जावई डोळे मिटून दोरी ओढायचा आणि मामा ओरडायचे, “वर बग की! खाली काय रुपाया पडलाय?”

त्या चैत्रात काठी निघायच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गावी गेलो. का गेलो? दोरी जावयाला मिळावी असं मला वाटत होतं, हे खरं. आणि मिळू नये, म्हणजे मामांचे डोळे उघडतील, असंही वाटत होतं. हेही खरं.

इनामदार आलेच नाहीत. मुंबईला होते म्हणे, आता मोठी कामं होती. त्यांचा कारभारी विड्यांचं ताट घेऊन चावडीपुढं उभा राहिला. पहिली दोरी पुकारली, विडा दिला. दुसरी, तिसरी. “चौथी दोरी,” असं तो म्हणाला तेव्हा मामा जावयाचं मनगट धरून पुढं झालेच होते. दुसरा हात पसरलेला.

कारभाऱ्यानं दुसऱ्याच एकाचं नाव घेतलं. शेजारच्या वाडीतल्या बागायतदाराच्या मुलाचं. वाडीची सगळी मतं त्या बागायतदारानं फिरवली होती, आणि आता तो होऊ घातलेल्या साखर कारखान्याचे शेअर गोळा करत होता. भावकी टपली होती ती राहिली बाजूला. दोरी गावाबाहेर गेली.

मामांचा हात तसाच पसरलेला होता. विडा त्यांच्या हातावरून पुढं गेला. मग तो हात त्यांनी वर नेला आणि जावयाचा फेटा नीट केला. नीटच होता तो.

म्हातारीनं पेलणाऱ्याच्या पायांवर पाणी घातलं. काठी उठली. हलगी वाजली. सगळे निघाले, मामाही. मला वाटलं होतं ते घरी परततील.

वाटेत एका विहिरीवर काठी टेकवली तेव्हा मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. माझ्यानं राहवलं नाही.

“मामा, आता तरी पटलं? जमीन खाल्ली, आज मानही खाल्ला.”

“खाल्ला की.”

“पुढच्या वेळी तरी?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. घाबरट पोराकडं बघावं तसं.

“मास्तर, त्येनं दोरी काडून घेतली. म्हंजे दोरी हाय, आनि त्येच्याकडं हाय. आज त्येला दिली, उद्या माज्या जावयाला दील, न्हायतर नातवाला दील. बंगल्यावर जायाचं, हुबं ऱ्हायाचं. तुमच्याकडं कशापायी यायाचं? तुमी तर म्हनलासा दोरीच न्हाय.”

“तसं नाही मामा. आम्ही म्हणतो दोरी सगळ्यांची.”

“त्येच की.”

पुढच्या निवडणुकीतही त्यांनी मत तिथंच टाकलं, हे इथंच सांगून ठेवतो. तोवर त्या भागात आमचा जोर वाढला होता आणि इनामदार पडले. मामा त्यानंतरही बंगल्यावरून जाताना चाबूक कपाळाला लावत राहिले. माझ्याशी त्यांचं वागणं कधी बदललं नाही. आजारपणात मामींनी मला महिनाभर पेज करून घातली. मी पुढं पक्षात बऱ्यापैकी वर चढलो, भाषणं केली, लोक मला मान देऊ लागले. त्या मानाची गोडी मला चटकन लागली, आणि ती लागल्यावर मला दर वेळी त्या दिवशीचा डोंगर आठवायचा.

तर तो डोंगर. काठी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वर पोचलो. गुलालानं माणूस माणसाला ओळखत नव्हता. खोबऱ्याचे तुकडे आणि खारका अंगावर पडत होत्या, ‘चांगभलं’च्या गजरात स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. आमची काठी देवळाकडच्या पायऱ्या उतरू लागली. वारा सुटला होता. बागायतदाराचा मुलगा चौथी दोरी एका हातात धरून दुसऱ्या हातानं उडणारं खोबरं झेलत होता. मामा त्याच्या मागं दोन हातांवर, माझ्या शेजारी. हात पाठीमागं एकमेकांत घट्ट गुंतवलेले.

पेलणाऱ्याचा पाय गुलालावर सटकला. काठी डावीकडं कलली. खाली बायका-पोरं दाटलेली. एकच ओरडा झाला. मामा ओरडले, “वढ! अरं वढ की!” पोरानं ओढली, पण उशिरा आणि एका हातानं, दोरी त्याच्या मुठीतून निसटली आणि माझ्याकडं हेलकावत आली. मामांच्या समोरूनच आली. त्यांनी नुसता हात पुढं केला असता तरी सापडली असती. मी त्यांच्या दंडाच्या शिरा फुगलेल्या पाहिल्या. हात पाठीमागंच राहिले.

दोरी मी पकडली.

काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. पण रोज सकाळी दारात बसून चहा पिताना मी त्यांना बघत आलो होतो. मान वर केली, शेंड्याकडं बघितलं, सगळ्या अंगानं ताणलं. काठीचं वजन दोरीतून तळव्यात आलं, खांद्यात आलं, टाचेपर्यंत उतरलं. शेंडा थरथरला, थांबला, आणि हळूहळू आभाळात सरळ झाला. खाली सगळ्यांनी ‘चांगभलं’ केलं. गुलालाची मूठ माझ्या तोंडावर बसली. हलगीवाला म्हातारा माझ्याकडं बघून वाजवू लागला. हजारो माणसांत ती काठी उभी होती आणि ती मी धरली होती. पक्षाचं काम करताना, कर्ण्यातून ओरडताना, असं मला एकदाही वाटलं नव्हतं. मी इथं आहे, आणि मी नसतो तर ती पडली असती.

“मास्तर, सोडा,” मामा कानाशी म्हणाले. “ह्या पोराची हाय ती.”

मला ऐकू आलं. तरी मी वरच बघत होतो.

“मास्तर.”

मग त्यांनी माझी मूठ हातात घेतली. आधी करंगळी उलगडली, मग शेजारचं बोट, मग एकेक करून बाकीची. जोर लावावा लागला त्यांना. दोरी त्यांनी बागायतदाराच्या मुलाच्या दोन्ही हातांत दिली, त्याच्या मुठींवर आपल्या मुठी ठेवून एकदा ताण दाखवला, आणि हात पुन्हा पाठीमागं नेले.

काठी पुढं गेली. मी गुलालानं भरलेला रिकामा हात घेऊन पायरीवर उभा होतो. मामा माझ्याकडं न बघता, शेंड्यावरची नजर न काढता म्हणाले, “सोडवत न्हाय न्हवं?”